उतरंड

हटवार सरांच्या कॅल्क्युलेटरला बरोबरचं बटण नव्हतं.
आधी आकडे द्यायचे,
त्यांचं काय करायचं ते मागून.
साकोलीच्या आयटीआयत, सर्व्हेच्या वर्गात,
आम्ही सगळे हसलो होतो.
‘काहून हसता? तुमची माय काय म्हणते घरी?
मिळव दोन तीन, का दोनात तीन मिळव?
क्रियापद आपल्यातही मागूनच येते.
यंत्र परदेशातलं हाय, पण बोलते आपल्यावाणी.’

परवा ते सानगडीहून बसने आले,
बिस्किटाच्या डब्यात ते यंत्र घेऊन.
सेल फुटून हिरवा चुरा झालेला,
सात आत रुतलेला, वर यायला तयार नाही.
दुरुस्त होईल का, असं विचारलंच नाही त्यांनी.
‘पेटी गेली, जाऊ दे.
आतलं डोस्कं काढून ठेव कुठं तरी.’

दिवसभर मी सातबारे काढून देते,
पीकविम्याचे अर्ज, जातीचे दाखले.
सहानंतर प्रिंटर थंड होतो
आणि ब्राउझरच्या कोऱ्या पानावर मी बटणं मांडत बसते.
त्यातलं एक पिवळं, जे बाकीच्यांचे अर्थ बदलतं.
आत आकड्यांची उतरंड, चार मडक्यांची.
वरचं उचललं की खालचं वर सरकतं,
आणि तळाचं जाताना आपलीच नक्कल मागे ठेवून जातं.
आईच्या स्वयंपाकघरात
हे कोणत्याच मडक्याला जमलं नसतं.

चार रात्रींत झालं. सरांना दाखवलं.
त्यांनी दोनाचं वर्गमूळ काढलं, त्याचा पुन्हा वर्ग केला,
आणि मान हलवली.
उत्तर दोनाहून केसभर जास्त येत होतं.
‘आपलं कमी सांगे.
एक, मग ठिपका, मग नऊ वेळा नऊ. मोज.’

मग दर पायरीला दहा आकड्यांपुढचं सगळं
मी छाटत गेले, धुऱ्यावरचं गवत कापावं तसं.
खरं उत्तर काढणं सोपं होतं.
ती चूक हुबेहूब यायला अकरा दिवस लागले.

तरी त्यांना पटेना.
एकोणसत्तरचं फॅक्टोरियल:
बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर हजर.
‘हे विचार नाही करत,’ म्हणाले,
‘पाठ करून आल्यावाणी सांगते.’
जुन्याचे लाल आकडे म्हणे थरथरायचे,
तेवढ्यात खर्ऱ्याची पुडी सोडून व्हायची.
कालव्याच्या कामावर, मोहाच्या सावलीत,
चेनमन दसरू मडावी पट्टी धरून ओरडायचा,
‘सायेब, आलं का?’
‘येते. थांब.’

ते थांबणं मी लिहिलं.
एका ओळीचं काम.

काल संध्याकाळी लाइट गेली.
पडद्याच्या उजेडात सर जुन्या फील्डबुकातल्या लेव्हली भरत बसले,
तलावाच्या तुडुमाजवळच्या, जिथून खालच्या बांध्यांना
पाणी कधी पोचलंच नाही.
कोणता आकडा शोधत होते, सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
लॅपटॉपची बॅटरी उतरत आली
आणि सगळेच्या सगळे ठिपके पेटले,
आकड्याआकड्यामध्ये एकेक.
हे मी मॅन्युअल वाचून घातलं होतं, त्यांना बोलले नव्हते.
जुनं यंत्र विझायच्या आधी असंच करायचं.
खरा ठिपका कोणता,
ते त्याच्या मोकळ्या घरावरून ओळखायचं.

सर खुर्चीत मागे रेलले.
मग पडद्याकडे पाहतच म्हणाले, मला नाही,
‘हो बापा, समजलं. लावतो चार्जिंगले.’
आणि अंधारात
स्वतःच्या खिशात वायर चाचपू लागले.