शेरा

केगावच्या शेडमधलं डाळिंबाचं पान,
त्यावर तेल्याचा सुईएवढा डाग.
रात्री दोनला, भिंगाखाली
मी मेलेल्या पेशी मोजतेय.
हा निळा रंग फक्त मेलेल्याच पितात.
एकशे बारा.

रोगानं नाही मारलं यांना.
वर्दी लागली, तशा
आपणहून विझल्या,
भोवतीची वाट कोरडी करून.

नायनांच्या मागावर धागा तुटला की
टिचकी वाजवल्यासारखी पत्ती पडायची
आणि अख्खा माग गप्प.
"बिघडला?"
"नाही गं. कळलं त्याला."
चादरीतला वाघ कमरेपर्यंतच विणलेला.

वहीत आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात 'मृत' लिहायचं असतं.
पेन उघडं धरून बसलेय.
कूलरमधलं पाणी
केव्हाच संपलंय,
डागापलीकडे पान हिरवंच.