गाठ क्रमांक एकशे सत्तेचाळीस

मे महिन्यात मेण ऐकत नाही.
सोलापूरचा पारा चव्वेचाळिसावर गेला की
मेणात बसवलेली गाठ सुरीखाली दबते,
पापुद्रा निघत नाही, नुसता चुरा.
मग मी ठोकळे बर्फावर मांडते,
बर्फ फाटकासमोरच्या रसवंतीतून डब्यात भरून आणलेला,
आणि पहाटे पाचला येऊन कापते,
चार मायक्रॉन, चार मायक्रॉन,
कोमट पाण्यावर तरंगणारी रिबीन
काचेवर अलगद उचलून.

पाच वर्षं, तीनशे बारा गाठी.
कानाखालच्या, जबड्याच्या, गालाच्या आतल्या.
डॉक्टर बिराजदारांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
नावं नकोत, नुसते आकडे.
दोघं जण दोन खोल्यांत बसून बघतील,
एकाचं मत दुसऱ्याला कळता कामा नये.
साधी की घातक. रकाने दोनच.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
धागा तुटला की चिमटीतल्या चिमटीत गाठ मारायचे,
इतकी बारीक की पुसणाऱ्याच्या गालाला लागू नये.
मला शिकवायचे: ही सुरगाठ, ओढली की सुटते.
ही निरगाठ, हिला दात लावावे लागतात.
सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा डोकावले
तेव्हा मी विचारलं, याचा काठ कुठाय?
डॉक्टर हसले. म्हणाले, तेच तर शोधतोय.
साध्या गाठीला काठ असतो,
आपल्या हद्दीत फुगते, फार तर शेजाऱ्याला ढकलते.
दुसरी काठ ओलांडते,
नसेच्या कडेकडेने चालत जाते
आणि लांब कुठेतरी बिऱ्हाड करते.

एकशे सत्तेचाळीसच्या काचेवर
एका अंगाला काठ सरळ, दुसऱ्या अंगाला विस्कटलेला.
एका खोलीत 'साधी' लिहिलं गेलं,
दुसऱ्या खोलीत 'घातक'.

मला आकड्यामागचं नाव माहीत होतं.
नसायला हवं होतं, पण
बरणी मीच उतरवून घेतली होती:
नागमणी येमूल, वय त्रेपन्न, विडी घरकुल.
बोटांची टोकं तंबाखूने तपकिरी,
डाव्या कानाखाली, पदराआड, लिंबाएवढी.
"एमी लेदु गदा?" तिने विचारलं होतं.
काही नाही ना गं?
माझ्याच आईच्या भाषेत,
आणि मला मराठीतही उत्तर सुचेना.

नवे छेद मागवले. मी पुन्हा कापले,
खोल, ठोकळा नखाएवढा उरेपर्यंत.
तिसरे डॉक्टर मिरजेहून आले,
दिवसभर बघत बसले, जेवायलाही उठले नाहीत.
त्यांनी लिहिलं: सांगता येत नाही. लक्ष ठेवा.
त्या संध्याकाळी मी पट्टी घेऊन
तिसरा रकाना आखला.

लक्ष ठेवा म्हणजे दर सहा महिन्यांनी फोन.
दोनदा उचलला.
तिसऱ्यांदा हा नंबर अस्तित्वातच नव्हता.
तक्त्यात अशांसाठी शब्द आहे, 'संपर्क तुटला'.
मग ती माणसं बेरजेतून वजा होतात,
जिवंतांत नाहीत, मेलेल्यांत नाहीत,
टक्केवारी त्यांच्यावाचून पूर्ण होते.

रविवारी बस पकडून गेले.
उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप,
ओली पानं कात्रीने कापत.
पोरगा भिवंडीला गेलाय, फोन त्याच्याबरोबर.
एवढं बोलून तिने पदर बाजूला केला.
व्रण होता, बारीक, पांढरा.
मी बोटांनी चाचपला, माझा तो अधिकार नसताना.
मऊ. मऊ. मऊ. आणि एका जागी
काहीतरी. टाक्याचीच गाठ असेल.

"रासुको," ती म्हणाली. लिहून घे.
मी फॉर्म काढला. 'जिवंत' यावर खूण केली.
पुढच्या प्रश्नाशी माझं पेन थांबलं.
तिची कात्री थांबली नाही,
हजार विड्या सांजेच्या आत द्यायच्या होत्या.