पट्टी

येत्या आयतवारी साडेदहाला, म्हार्दोळच्या अग्रशाळेत.
कागदावर छापलंय : एक नांदी, एक पद,
गद्याचा एक उतारा. वय. उंची. पूर्वानुभव.
मी लिहिलं, गावच्या जत्रेत सात वर्षं, दुय्यम पात्रं.
मग खोडलं,
कारण त्यातली तीन वर्षं मी फक्त पडदा ओढला होता.

दुर्भाटच्या धक्क्यावरून पहिली फेरीबोट सुटते अंधारात.
फळी उचलतो, साखळी अडकवतो,
दोन स्कूटर, मासळीची रिक्षा, झोपेतली चार शाळकरी मुलं,
आणि इंजिन धरतं षड्ज.
डिझेलचा, काजळीचा, थोडा घोगरा,
पण पाणी हललं तरी न हलणारा.
त्याच्या गरम पत्र्याला पाठ लावून मी आकार लावतो.
जुवारी ऐकत नाही, तिला भरतीची घाई.
खारफुटीतले बगळे पहिल्या दिवशी उडाले होते,
आता उडत नाहीत.
ही दाद की कंटाळा, अजून ठरलेलं नाही.

म्हाळूमास्तर म्हणतात, तान नको रे,
तुझी तान भिजल्या दोरासारखी, गाठ कुठे पडली कळत नाही.
शब्द टाक. नाटकातलं पद आहे ते,
कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगत असतं.
त्यांच्या पेटीत कोमल धैवत वाजत नाही कित्येक वर्षं.
तो सूर आला की भाता थांबवून
मास्तर तो स्वतःच म्हणतात, तोंडानं.
म्हणून माझ्या कोमल धैवताला
जरासा तंबाखूचा वास आहे.

पात्रांव आंजेल लोटलीच्या इगर्जीत खालच्या आवाजात गातो,
कागदावरचे ठिपके वाचून.
सुकाणू धरल्या धरल्या ओरडतो, ‘श्वास सकयल व्हर! खाली, पोटात!’
आणि बुटानं चार मोजतो.
मी सोळा मोजतो.
बोट धक्क्याला लागते तेव्हा
कधी कधी दोघांची सम एकच असते.

रात्री सुलक्षा राणीची वाक्यं वाचते, खुबे साफ करता करता.
‘फिरा मागे, महाराज,’
विजेचं बिल वाचावं तशी.
‘फिरा मागे, महाराज. पुढे काय लिहिलंय, शाई पसरलीय.’
बुधवारी मात्र कागद ताटाखाली राहिला होता.
तिनं मान वर न करता म्हटलं,
फिरा मागे,
आणि नुसती थांबली.
माझं पाठ झालेलं सगळं भाषण गेलं.
नळ ठिबकत होता. तिनंच उठून बंद केला.

अर्जातला शेवटचा रकाना : पट्टी.
मास्तरांची पेटी उतरलेली, तिच्यावर विसंबता येत नाही.
गौतमीनं मोबाइल धरला माझ्या तोंडापुढे,
काटा थरथरला, थांबला.
काळी एक नाही, पांढरी दोनही नाही.
‘बाबा, तू फटीत गातोस,’ ती हसत सुटली.
तिला कसं सांगू, बोट भरलेली असली
की इंजिन थोडं खाली दबतं,
येताना मोकळं होतं,
आणि मी ज्या बाजूला असेन त्या बाजूचा असतो.

शनिवारी शेवटची फेरी झाली.
आंजेलनं इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली,
‘फाल्यां बरें गाय,’ म्हणाला, गेला.
मी आ केला.
पायाखाली काहीच नव्हतं.
चिखलात खेकड्यांची कुजबुज, लांब कुणाचा तरी पंप,
आणि माझा सा, भिंतीवर खुंटी शोधणाऱ्या
हातासारखा, अंधारात.
सापडला असं म्हणवत नाही.
हात मात्र मागे घेतला नाही.

घरी येऊन तो रकाना भरला. जागा बोटभर.
बारीक अक्षरात लिहिलं :
रासईहून परतताना, बोट रिकामी असते तेव्हाची.

सुलक्षानं वाचलं. खोडायला पेन शोधेल वाटलं.
तिनं पदराला हात पुसले,
कागदाची नीट चौपदरी घडी केली
आणि खुंटीवरच्या
इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवली.