दाराच्या कप्प्यातली माणसं

माझा फ्रीज जुना आहे. दार ओढताना
खालून गुडघा लावावा लागतो.
वरच्या कप्प्यात कोंबडीचे पाय, मधल्यात पिवळा कोला,
आणि दारात, जिथं अंडी ठेवायची सोय असते,
तिथं आमच्या टेकडीवरची सहा माणसं.

सहा कुप्या. चिकटपट्टीवर नावं मीच लिहिली,
शाळा चौथीत सुटली तरी अक्षर बरं आहे माझं:
एउदोसिया. सातुर्निनो. बासिलिया वरची.
बासिलिया टाकीजवळची. फ्लोरेंतिनो.
आणि इल्मेर, वय वर्षं नऊ.

लिमात पाऊस पडत नाही. धुकं येतं,
पत्र्यावर बसतं, कपडे वाळू देत नाही, आणि निघून जातं.
पाणी टँकरनं चढतं. खाली ज्याचा हिशेबही कुणी ठेवत नाही
ते इथं पिंपाच्या मापानं विकत घ्यायचं.
मग उकळायचं. उकळायला गॅस.
कोला उकळावा लागत नाही.

मी विकते. मलाही तीन लेकरं आहेत.
एका हातानं बाटली देते, दुसऱ्या हातानं कुपी.
गिऱ्हाईक पुष्कळदा तेच असतं.

एउदोसिया भिंतीपलीकडं कामाला जाते.
टेकडीच्या माथ्यावर भिंत, भिंतीवर काटेरी तार,
पलीकडच्या उतारावर पोहायचे तलाव.
हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ.
पण भिंतीला दार नाही,
म्हणून तीनशे बारा पायऱ्या, दोन बस, दीड तास.

तिथल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही साखर आहे.
दिवसातून दोनदा तीच टोचते त्याला,
मानेची कातडी चिमटीत धरून. दर वेळी नवी सुई.
वापरलेली पिवळ्या डब्यात टाकायची,
बाईसाहेबांनी बजावलंय.
एकदा मला म्हणाली, तो डबा भरला की कुठं जातो गं?
मी म्हटलं, काय ठाऊक.
पुढं तिची सुई कधी बोथट दिसली नाही.
मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत कंपनीची माणसं आली.
तारा चोरीच्या आहेत म्हणाली, आणि कापून गेली.
पहिल्या दिवशी कोंबडी उधारीवर वाटली.
दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात सहा कुप्या गुंडाळून
खाली औषधांच्या दुकानात गेले.
पोरानं आधी माझ्या चपला पाहिल्या,
मग म्हणाला, फ्रीज मालासाठी आहे.

त्या रात्री एउदोसियानं फडकं माझ्या हातातून घेतलं.
पहाटे जेवणाच्या डब्यातून घेऊन गेली,
रात्री बर्फात घालून परत आणली.
मेणबत्तीच्या उजेडात रांग लागायची माझ्या दारात,
पोटावरचा सदरा वर करून माणसं उभी,
आणि पहाटे डबा पुन्हा निघायचा.
असे अकरा दिवस.
अकरा दिवस आम्ही त्या घरात राहिलो,
चीजच्या पाठीमागं, कुत्र्याच्या औषधाला खेटून.
कुणाला पत्ता लागला नाही.
एउदोसिया हसून म्हणाली, बासिलिया वरची
आयुष्यात पहिल्यांदा भिंत ओलांडून गेली.

सातुर्निनो मात्र नवव्या दिवसापासून आला नाही.
आधी अंगठा गेला होता, मग पाऊल,
मग सरकारी दवाखान्यातली तारीख,
जी त्याच्यापेक्षा उशिरा आली.
वहीत त्याच्या नावावर चौदा कोला आहेत.
खोडायला पेन उचललं, आणि थांबले,
कारण विकणारी मी होते,
आणि खोडलं की ते कुणी विकलेच नाहीत असं होईल.

त्याची अर्धी कुपी फ्लोरेंतिनोला दिली.
चिकटपट्टी निघेना, ओलाव्यानं घट्ट बसलेली.
त्यावरच दुसरी लावली. खालून अजून
‘नो’ दिसतो. दोघांचाही शेवट तसाच होतो, चालून गेलं.

वीज आली. फ्रीज पुन्हा घरघरतो.
इल्मेर शाळेतून येतो,
आधी मधल्या कप्प्याकडं बघतो,
मग दारातल्या आपल्या नावाकडं.
काही मागत नाही.
दार लावताना गुडघा लावायचा,
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.