द्व्रिता

दार्तलोला माणसं उन्हाळ्यातच असतात.
तांब्याची कढई, गायीचं दूध,
कोपर बुडवून पाहिलेली ऊब,
आणि काळ्या बाटलीतली द्व्रिता:
वासराच्या जठरातली, खारवलेली, उग्र वासाची.
चमचाभर.
मग वरून बाबांची जाड लोकरी झूल.
"आता बोलू नकोस, मकवाला," आई म्हणते,
जणू दुधाला ऐकू येतं.

त्बिलिसीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी त्याच बाटलीतला एक रेणू वाचते.
तीनशे तेवीस अमिनो आम्लांची माळ.
त्यातलं चौतिसावं आणि दोनशे सोळावं,
माळेत एकमेकांपासून कोसभर लांब,
घडी पडते तेव्हा समोरासमोर येतात
एका अरुंद दरीच्या तळाशी.
दोघंही अ‍ॅस्पार्टिक.
एकाकडे प्रोटॉन आहे, एकाकडे नाही.
मध्ये पाण्याचा एकच रेणू.

ज्याच्याकडे नाही, तो पाण्याकडून ओढून घेतो.
तेवढ्यानं पाण्याला धार चढते,
ते केसीनच्या साखळीवर
नेमक्या एका बंधावर चालून जातं.
ज्याच्याकडे आहे, तो देऊन टाकतो.
बंध तुटतो.
केसीनच्या कणांवरची लव झडते,
जिच्यामुळे ते आजवर एकमेकांना चुकवत होते.
आता चुकवता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी दोनशे सोळावं बदललं.
एका ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन, बाकी काही नाही.
घडी तीच. दरी तीच.
पाणीही होतं बहुतेक, नुसतं बसून.
दूध रात्रभर दूधच राहिलं.

फोनवर सांगितलं तर आई म्हणाली,
"म्हणजे चूल आहे, लाकडं आहेत, विस्तव नाही."
विस्तव नव्हे गं, मी म्हणाले,
आणि पुढचा शब्द सापडेना.

काम संपलं की एन्झाइम जसंच्या तसं उरतं,
असं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.
आमच्या नळीतली चार दिवसांत मंदावतात,
ते लिहीत नाही.
आईच्या अंगठ्याला मिठानं पडलेली भेग
या वर्षी भरलेली नाही.
मी मलम आणलंय. ते खिडकीत आहे, न उघडलेलं.

झूल बाजूला होते.
आई दुधात सुरी उभी करते, हात सोडते.
सुरी जराशी कलते.
"अजून नाही."
आम्ही दोघी परत गप्प.