तापीकडून बोरीला

चोपड्याच्या आमच्या लॅबमध्ये अकरा संगणक.
प्रत्येकाच्या कपाळावर मी चिकटवलेला स्टिकर:
गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर,
सुकी, मोर, गोमाई, बुराई, अरुणावती,
दाराजवळच्या कोपऱ्यात बोरी,
आणि खिडकीखाली, एकुलती एक नवी, तापी.

आधी ज्याचं त्यानं करायचं असा कारभार होता.
एकच प्रोग्रॅम, तोच सोर्स,
अकरा ठिकाणी अकरा वेळा कंपाइल.
वर पत्रा, बाहेर मे महिना,
अकरा पंख्यांची घरघर,
आणि काम ऐंशी टक्क्यांवर आलं की वीज जायची.
सुपडूअप्पा झाडू टेकवून विचारायचे,
"इतला घाम गायीसन काय व्हयनं?"
काही नाही, अप्पा.
उद्या पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या गल्लीत बिबड्यांचा घाटा
एकाच चुलीवर शिजतो,
खाटा मात्र घरोघरच्या येतात.
हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.
सुचलं तीन उन्हाळ्यांनी.

शनिवारी रात्री तापीला एकटीला कामाला लावलं.
ओळी वर सरकत राहिल्या,
मी दोन खुर्च्या जोडून झोपलो.
सकाळी फोल्डरात दोनशे चौदा पॅकेजं,
बांधून तयार,
प्रत्येकावर सही,
वाटेत कुणी गाठ सोडली तर कळावं म्हणून.
मग एकेकीनं मागितलं
आणि निळ्या केबलमधून
चार मिनिटांत गिरणा भरली.
मोरला तर तीनही लागली नाहीत.

भूगोलात गिरणा तापीला मिळते.
इथे तापीच निघाली होती
उलट्या दिशेनं, दारोदार.

बोरीनंही सगळं घेतलं.
सही जुळली. आकार जुळला.
एका बाइटचाही फरक नाही.
आणि प्रोग्रॅम उघडला तसा मेला.
पडद्यावर इंग्रजीत दोनच शब्द,
त्यांचा अर्थ: बेकायदेशीर सूचना.

बोरीवर रमिला पावरा बसते.
दाराजवळची जागा तिनंच मागून घेतलेली,
सव्वापाचची सातपुड्यातली एसटी धावत गाठता यावी म्हणून.
"सर, मी काही केलं नाही," ती म्हणाली.
मला माहीत होतं, तिनं नाही.
मी केलं होतं.

तापीला सांगताना मी एक शब्द लिहिला होता,
त्याचा अर्थ, तुझ्या अंगात असेल नसेल ते सगळं बळ लाव.
तिनं लावलं.
बोरी तेरा वर्षांची.
तिच्या प्रोसेसरला त्यातल्या चार-दोन खुणा ठाऊकच नाहीत,
आणि शिकवताही येत नाहीत,
ते शिक्षण कारखान्यातच संपतं.

अप्पांना हे समजावून सांगितलं, जमेल तसं.
ते केर भरत होते.
"आपलं पोट दखीसन पाव्हनाले वाढू नको, भाऊ."

पुन्हा एक रात्र. पुन्हा दोन खुर्च्या.
एक शब्द बदलला:
माप तापीचं नाही, बोरीचं.
तापी त्यानं थोडी मंदावली.
मी मोजलं, शंभरात सात.
पोरांना कळलंही नाही.
मला मात्र खुपलं,
खोटं कशाला बोलू,
नव्या मशीनसाठी मी दोन वर्षं अर्ज केले होते.

सोमवारी पाचला दहा कमी असताना
बोरीवर प्रोग्रॅम उघडला आणि उघडाच राहिला.
रमिला काही बोलली नाही.
मांडीवर दप्तर, एक पाय दाराकडे,
तशीच टाइप करत राहिली.
मग उठता उठता म्हणाली,
"आमच्या पाड्यावरच्या शाळेत पण एक आहे. पेन ड्राइव्हवर नेलं तर चालेल?"
"प्रोसेसर कुठला?"
"झाकण उघडून बघते."
"बोरीपेक्षा जुना?"
"खूप."

म्हणजे अजून एक रात्र.
मी ड्रॉवरमधून कोरा स्टिकर काढला,
पेनाचं टोपण दातात धरून विचारलं,
नाव काय लिहू?
बाहेर एसटीनं हॉर्न दिला.
"शाळेमागे एक नाला आहे," ती पळता पळता म्हणाली,
"पण सर, तो नकाशात नाही."