दुसरा भेटत नाई

लाखांदूर रोडवर, धानगिरणीच्या भिंतीला टेकून माझं शेड.
ट्रॅक्टर, थ्रेशर, कधीमधी एखादी जीप.
या गाडीला दोनच पेडल.
मी वाकून पाहिलं, क्लच कोणी काढून नेला की काय.

गिऱ्हेपुंजे सिस्टर म्हणाल्या,
"डावा पाय पोलिओत गेला जी माझा, म्हणून ही घेतली.
आता दुसरा भेटत नाई तिले."

मी हसलो.
आपोआप चालणाऱ्या गाडीत कुठला पहिला, कुठला दुसरा.
"काहून हसता? बसा बाजूले. अन् बोलू नका."

चुलबंदच्या पुलापर्यंत गेलो.
पहिल्यात गाडी नीट उठली,
मग पंचविशीच्या आसपास
इंजिन एकाएकी ओरडलं, गाडी मात्र तिथंच,
बांधीत फसलेल्या ट्रॅक्टरचं मागचं चाक फिरावं तशी.
सिस्टरनं पाय उचलला, जरा थांबल्या,
तिसरा मुकाट्यानं येऊन बसला.
"दोन महिने झाले,
मधली पायरी सोडून चढतो आमी."

रिव्हर्स ठीक होता, म्हणजे मागचा पट्टा शाबूत.
दांडी काढून तेल बोटावर घेतलं.
लाल पाहिजे ते काळं,
वास भात बुडाला लागल्याचा.

असली पेटी मी कधी उघडली नव्हती.
नागपूरला कासीम मिस्त्रीला फोन लावला.
तो जेवत होता. जेवता जेवता म्हणाला,
ड्रमभोवती पोलादी पट्टा असतो,
दुसऱ्याच्या वेळी ड्रमला आवळून धरतो.
एक थांबतं, तेव्हाच दुसरं फिरतं, बस.
बाजूला स्क्रू आहे. कस.
अडला, की तिथून अडीच फेरे मागं.

मी कसत गेलो.
दोन फेरे. चार.
आता अडेल.
सात.
जन्मभर जाम नटांशी भांडलो,
गंज, डिझेल, हातोडा, शिव्या.
न अडणाऱ्या स्क्रूची भीती पहिल्यांदाच वाटली.
नवव्या फेऱ्याला हात काढून घेतला.

पट्टा तुटला,
की नुसता त्याचा टेकू निसटला?
गाडी ठोकळ्यांवर चढवली, खालचा टब उतरवला,
पंक्चरच्या कॉम्प्रेसरची नळी सर्व्होच्या भोकाला,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला.
गिरणीच्या धडधडीत काही कळेना.

"सरका," सिस्टर म्हणाल्या.
चष्मा देवचंदच्या हातात दिला,
कुबडी चाकाला टेकवली, पोत्यावर आडव्या झाल्या.
एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात
पोटावर नळी ठेवून ऐकलेला तो कान.
"गिरणी थांबवा म्हणा, पाच मिनिटं."
देवचंद पळाला.

गिरणी थांबली.
कोंडा हवेतून खाली येत राहिला.
"सोडा हवा."
टप.
"पुन्हा."
टप.
"एकच वाजते. दोन पाहिजे होते न जी?
एक ढकलणारा, एक धरणारा.
धरणारा नाई."

टबाच्या गाळात चुंबक फिरवलं.
लोखंडाची काळी राळ वर आली,
अन् तिच्यात पट्ट्याचा कान, नखाएवढा.
तुटल्या जागी अर्धा काळा, अर्धा चकचकीत.
म्हणजे अर्धा कधीचाच तुटलेला,
आत तेल मुरलेलं.
"किती दिवस झाले असन?"
ते सांगता येत नाही, मी म्हणालो.
दोन वर्षं, चार वर्षं.
उरलेला अर्धा धरत होता.

सिस्टर उठून बसल्या.
तुकडा तळहातावर घेऊन
उगाच वजन केल्यासारखा हात खालीवर केला,
मग मला परत दिला, नमुना म्हणून नागपूरला पाठवायला.
गिरणीवाला दारात येऊन विचारून गेला, सुरू करू का?
कोणीच बोललं नाही.

देवचंदनं चष्मा दिला.
दोन्ही काचांवर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे.
सिस्टरनं तो तसाच घातला.